काटा सुरू होण्याआधी: शेअर्ड लायब्ऱ्यांच्या तयारीची यादी

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची आवक वाढली की अडत दुकानातला काटा सकाळी अडून चालत नाही. पोती उतरलेली असतात, हमाल थांबलेले असतात. वजन घेऊन शेतकऱ्याची पट्टी छापणारा आमचा प्रोग्राम तिथल्या एका लहानशा लिनक्स मशीनवर चालतो. हंगामाच्या तोंडावर त्याची नवी आवृत्ती पेनड्राइव्हवर घालून मी विश्रामबागेतून यार्डात नेतो. निघण्याआधी आणि तिथे पोचल्यावर काय काय बघायचं ते इथे लिहून ठेवतोय. अशी कामं करणारे इथे बरेच जण आहेत आणि अडचणी सगळ्यांच्या त्याच आहेत. आपण पेनड्राइव्हवर नेतो तो प्रोग्राम पुरा नसतो. उरलेला भाग, म्हणजे शेअर्ड लायब्ऱ्या (अनेक प्रोग्राम मिळून वापरतात त्या तयार कोडच्या फाइली), तिथल्या मशीनवरचा डायनॅमिक लिंकर शोधतो आणि प्रोग्राम सुरू होताना दर वेळी नव्याने जोडतो. त्यामुळे माझ्या लॅपटॉपवर तो चालला यावरून फक्त माझ्या लॅपटॉपबद्दल कळतं.

आठवडाभर आधी दुकानात फोन करायचा. मालकांच्या मुलाला मी सांगतो, "दादा, दोन ओळी टाइप करा आणि पडद्याचा फोटो पाठवा." पहिली ओळ यूनेम -एम, म्हणजे प्रोसेसर कोणत्या जातीचा ते कळतं. दुसरी एलडीडी --व्हर्जन, म्हणजे तिथली ग्लिबसी (जवळपास प्रत्येक प्रोग्रामला लागणारी मूळ सी लायब्ररी) कितवी ते कळतं. पहिलीचं कारण असं. प्रोग्राम सुरू करताना कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, त्याची एल्फ फाइल (लिनक्सवरचे प्रोग्राम ज्या साच्यात असतात ती) उघडतो, आणि मला जोडून देणारा अमुक ठिकाणी आहे असा पत्ता त्या फाइलमध्येच कोरलेला असतो. ६४ बिटांच्या इंटेल किंवा एएमडी मशीनवर ग्लिबसी असेल तर तो पत्ता /लिब६४/एलडी-लिनक्स-एक्स८६-६४.एसओ.२ असा असतो. कर्नल या लिंकरला मेमरीत आणून ताबा त्याच्याकडे देतो. आपल्या मेनची, म्हणजे आपल्या कोडच्या पहिल्या फंक्शनची, पाळी फार नंतर येते. तो पत्ताच तिथे नसेल तर शेल (टाइप केलेली ओळ चालवणारा प्रोग्राम) 'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी' म्हणतं, आणि प्रोग्रामची फाइल तर डोळ्यासमोर असते. तिथे नसतो तो लिंकर. अल्पाइन या लिनक्सच्या प्रकारात ग्लिबसीऐवजी मसल ही सी लायब्ररी असते, तिचा लिंकर वेगळ्या नावाचा असतो, म्हणून तिथे हा संदेश हमखास दिसतो.

ग्लिबसीचा आकडा मात्र ठळक अक्षरांत वहीत लिहायचा. जुन्या ग्लिबसीवर बांधलेला प्रोग्राम नव्यावर चालतो, उलटं चालेलच असं नाही. प्रत्येक फंक्शनच्या नावाला आवृत्तीची खूण जोडलेली असते आणि लिंकर ती तपासतो. २०२१ च्या ऑगस्टमध्ये आलेल्या २.३४ मध्ये थ्रेडची आणि डीएलओपनची (चालता चालता लायब्ररी उघडण्याच्या सोयीची) वेगळी लायब्ररी मुख्य सी लायब्ररीत विलीन झाली. त्याच वेळी मेनला हाक मारणाऱ्या सुरुवातीच्या फंक्शनलाही नवी खूण मिळाली. त्यामुळे २.३४ किंवा पुढच्या ग्लिबसीवर बांधलेला अगदी चार ओळींचा सी प्रोग्रामसुद्धा किमान २.३४ मागतो. उबुंटू या लिनक्सच्या २२.०४ आवृत्तीवर २.३५ आहे, २०.०४ वर २.३१. दुकानात २०.०४ असेल तर बांधणी २०.०४ च्या कंटेनरमध्येच (आपल्या मशीनवरच्या वेगळ्या, बंदिस्त लिनक्समध्ये) करायची. नवी ग्लिबसी दुकानाच्या मशीनवर लादायच्या फंदात पडू नका. तिच्यावर तिथला प्रत्येक प्रोग्राम उभा आहे.

मग प्रोग्रामला कोण कोण लागतं त्याची नावं काढायची. रीडएल्फ -डी (फाइल न चालवता तिच्यात काय कोरलंय ते दाखवणारं) चालवलं की 'नीडेड' अशा ओळी दिसतात. त्यांत सहसा पत्ता नसतो, फक्त नाव असतं: लिबकाटा.एसओ.१, लिबसी.एसओ.६ वगैरे. लिबकाटा ही आमची, काट्याच्या सिरियल पोर्टवरून वजन वाचणारी. प्रत्येक लायब्ररीच्या आत तिचे स्वतःचे 'नीडेड' असतात. लिंकर आधी प्रोग्रामचे थेट सोबती आणतो, मग सोबत्यांचे सोबती. दोघांनी एकच नाव मागितलं तरी ती लायब्ररी एकदाच येते. सगळी साखळी एका नजरेत बघायला एलडीडी सोयीचं, पण ते लिंकरलाच कामाला लावतं आणि काही परिस्थितीत प्रोग्रामच चालू होऊ शकतो. म्हणून कुणीही पाठवलेल्या, भरवशाच्या नसलेल्या फाइलवर एलडीडी चालवायचं नाही. तिथे रीडएल्फच. शिवाय पट्टी छापणारं आमचं प्लगइन डीएलओपनने चालता चालता उघडलं जातं, ते या दोन्ही याद्यांत दिसत नाही. त्याच्यावर एलडीडी वेगळं चालवावं लागतं.

आता सगळ्यांत महत्त्वाचं, म्हणजे लिंकर ही नावं शोधतो कुठे. नावात तिरपी रेघ असेल तर तो सरळ त्याच पत्त्यावर जातो. नसेल तर क्रम ठरलेला आहे. फाइलमध्ये जुन्या पद्धतीचा आरपाथ (कुठे शोधायचं ते बांधतानाच आत लिहिलेलं) असेल आणि रनपाथ (त्याचाच नवा प्रकार) नसेल, तर आधी आरपाथ. मग एलडी_लायब्ररी_पाथ हे एन्व्हायर्नमेंटमधलं, म्हणजे प्रोग्रामला सुरू होताना मिळणाऱ्या सेटिंगांमधलं, नाव. मग रनपाथ. मग /ईटीसी/एलडी.एसओ.कॅश ही तयार यादी. शेवटी /लिब, /यूएसआर/लिब आणि त्यांची ६४ वाली भावंडं. या क्रमात जिथे पहिल्यांदा योग्य फाइल सापडते तिथे शोध थांबतो, म्हणून जुनी लिबकाटा वाटेत आधी पडली तर नवी कुणी बघतच नाही.

दोन हंगामांपूर्वी एका दुकानात मी रात्री सगळं बसवलं, टर्मिनलवर चालवलं, दहा वजनं घेतली, पट्टी छापली आणि घरी आलो. सकाळी मशीन चालू झालं आणि प्रोग्राम उठलाच नाही. लिबकाटाचा पत्ता मी एलडी_लायब्ररी_पाथमध्ये घातला होता आणि ती ओळ माझ्या बॅशआरसीत (माझं टर्मिनल उघडताना वाचली जाणारी फाइल) होती. बूट होताना प्रोग्राम सर्व्हिस म्हणून वेगळ्या युजरच्या नावाने सुरू होतो आणि माझी बॅशआरसी वाचत नाही. लॉगमध्ये 'एरर व्हाइल लोडिंग शेअर्ड लायब्ररीज' आणि बाहेर पडतानाचा कोड १२७. तासभर वजनं वहीत लिहावी लागली. रात्र काढून आलेली शेतकरी माणसं वहीतल्या आकड्यांकडे काळजीने बघत होती. ते चेहरे अजून आठवतात. तेव्हापासून एलडी_लायब्ररी_पाथ मी फक्त चाचणीपुरता वापरतो. सेटयूआयडी प्रोग्रामच्या (ज्याला चालवणाऱ्याऐवजी फाइलच्या मालकाचे अधिकार मिळतात) बाबतीत तर लिंकर सुरक्षेसाठी तो बघतही नाही.

त्याऐवजी लायब्ररीची जागा प्रोग्राममध्येच लिहायची. आमचा प्रोग्राम बिन फोल्डरमध्ये आणि लायब्ऱ्या शेजारच्या लिबमध्ये. म्हणून रनपाथ $ओरिजिन/../लिब असा ठेवतो. ओरिजिन म्हणजे ती फाइल जिथे आहे ते फोल्डर, त्यामुळे अख्खं झाड कुठेही हलवलं तरी चालतं. शेलमध्ये हे एकेरी अवतरणात आणि मेकफाइलमध्ये (बांधणीच्या सूचनांची फाइल) डॉलर दोनदा लिहायचा, नाहीतर ओरिजिन गळून जातो. बांधून झाल्यावर रीडएल्फने तो खरोखर आत आहे का ते बघायचंच. यात आणखी एक गोम आहे. रनपाथ फक्त त्या फाइलच्या थेट सोबत्यांना लागू होतो, नातवंडांना नाही. प्रोग्रामच्या रनपाथने लिबकाटा सापडते, पण लिबकाटाला लागणारी लिबसिरियल शेजारीच असून सापडत नाही. उपाय साधा आहे: लिबकाटालाही स्वतःचा रनपाथ द्यायचा, नुसता $ओरिजिन.

पेनड्राइव्हवर फाइली सुट्या टाकायच्या नाहीत, टार करूनच, म्हणजे एका गठ्ठ्यात बांधूनच, न्यायच्या. खरी फाइल लिबकाटा.एसओ.१.४ असते आणि लिंकर मागतो ते लिबकाटा.एसओ.१ हे नाव म्हणजे तिच्याकडे बोट दाखवणारी सिम्बॉलिक लिंक. फॅट किंवा एक्सफॅट पेनड्राइव्हवर लिंका टिकत नाहीत, टारमध्ये टिकतात. थेट पेनड्राइव्हवरून चालवूनही बघू नये. ती नोएक्झेक मोडमध्ये (तिथून काहीच चालू न देणाऱ्या) जोडलेली असेल तर प्रोग्रामला 'परमिशन डिनाइड' येतं, आणि नुसती लायब्ररी तिथे असेल तर 'फेल्ड टू मॅप सेगमेंट' येतं आणि उगाच लायब्ररीवर संशय जातो. लायब्ररी सगळ्यांसाठी /यूएसआर/लोकल/लिबमध्ये ठेवत असाल तर नंतर रूट (सगळे अधिकार असलेला युजर) म्हणून एलडीकॉन्फिग चालवायचं. कॅश आपोआप ताजी होत नाही. रेड हॅटच्या घराण्यात ते फोल्डर मुळात यादीतच नसतं, म्हणून एलडी.एसओ.कॉन्फ.डी मध्ये आधी एक ओळ घालावी लागते.

चालू प्रोग्रामच्या लायब्ररीवर सीपीने (कॉपी करणारी ओळ) नवी फाइल कधीही लिहू नका. लिंकरने ती फाइल एममॅपने मेमरीशी जोडलेली असते. खालची फाइल बदलली की चालता प्रोग्राम जागीच कोसळू शकतो. नवी फाइल त्याच फोल्डरमध्ये वेगळ्या नावाने ठेवायची आणि मग एमव्हीने (नाव बदलणारी ओळ) जागेवर आणायची. चालू प्रोग्राम जुनीच धरून राहतो, पुढची सुरुवात नवीवर होते.

फंक्शनं सगळी आहेत ना, हेही आदल्या दिवशीच बघायचं. एरवी फंक्शनचा पत्ता पहिल्यांदा हाक पडेपर्यंत शोधला जात नाही, म्हणजे सकाळी वजन व्यवस्थित चालतं आणि दुपारी पट्टी रद्द करण्याचं बटण दाबल्यावर 'अनडिफाइन्ड सिम्बॉल' येऊन प्रोग्राम बंद पडतो. एलडीडी -आर सगळे पत्ते जागेवरच शोधून दाखवतं. आम्ही आता बांधतानाच -झेड नाउ देतो, म्हणजे काही कमी असेल तर सुरुवातीलाच कळतं. सुरू व्हायला जरा जास्त वेळ लागतो, पण काट्याच्या कामात तो जाणवत नाही.

तरीही काही सापडलं नाही तर अंदाज करत बसू नका. एलडी_डीबग=लिब्स लावून प्रोग्राम चालवला की लिंकर कोणत्या फोल्डरमध्ये डोकावला ते एकेक ओळीत सांगतो. सर्व्हिससाठी एलडी_डीबग_आउटपुट मध्ये फाइलचं नाव द्यायचं, लिखाण तिथे जमा होतं.

दुकानात शेवटचं काम नेहमी हेच: टर्मिनल बंद, नेटची वायर काढलेली, मशीनची वीज बंद करून पुन्हा चालू. कशालाही हात लावायचा नाही. सर्व्हिस आपणहून उठली की काट्यावर एक पोतं ठेवायला सांगायचं, एक पट्टी छापायची, एक रद्द करायची, आणि ती छापलेली पट्टी मालकांच्या हातात देऊनच गाडीला किक मारायची.