ऐर्यन वएजो नकाशावर शोधण्यापूर्वी

टेंभी नाक्याजवळच्या अग्यारीवरून जाणाऱ्या ठाणेकराला पारशी लोक संजाणला उतरले एवढे बहुधा ठाऊक असते. त्यांच्या परंपरेने इराणी लोकांची मूळभूमी कोठे मानली आहे, हे ज्याला स्वतः तपासून पाहायचे असेल त्याच्यासाठी हे टिपण आहे. अवेस्तेत, म्हणजे पारशांच्या धर्मग्रंथात, त्या भूमीला ऐर्यन वएजो म्हटले आहे आणि पुढच्या पहलवी (मध्ययुगीन फारसी) ग्रंथांत तिचे नाव एरानवेज असे येते. या विषयातील बराच गोंधळ आधी नकाशा उघडून मग वचने शोधल्यामुळे होतो, म्हणून नकाशा काही काळ बाजूला ठेवावा.

आरंभ वेंदिदाद या अवेस्तेतील भागाच्या पहिल्या फर्गर्दापासून, म्हणजे अध्यायापासून करावा. जेम्स दार्मस्तेतर यांचा १८८० चा इंग्रजी अनुवाद जुना असला तरी त्याच्या तळटीपांमुळे नवख्या वाचकाला अजूनही उपयोगी पडतो. या फर्गर्दात परमेश्वर अहुर मज्दा आपण निर्माण केलेल्या सोळा भूमी क्रमाने सांगतो आणि प्रत्येकीवर अंग्र मइन्यू या दुष्ट शक्तीने कोणते अरिष्ट धाडले तेही सांगतो. पहिली भूमी दाइत्या नदीकाठचा ऐर्यन वएजो, आणि तिच्यावरील अरिष्ट म्हणजे सर्प व दएवांनी (दुष्ट देवतांनी) घडवलेला हिवाळा. तेथे दहा महिने हिवाळा आणि दोनच महिने उन्हाळा असतो, असे वचन आहे. येथे तळटीप अवश्य पाहावी, कारण काही पाठांत याच जागी सात महिने उन्हाळा आणि पाच महिने हिवाळा असल्याचे वाक्यही आलेले आहे. एकाच परिच्छेदात न जुळणारी दोन विधाने असताना केवळ महिन्यांच्या आकड्यावरून त्या भूमीचे अक्षांश ठरवणे मला धोक्याचे वाटते.

त्यानंतर उरलेल्या पंधरा भूमींची यादी करावी आणि मगच नकाशा घ्यावा. ज्यांची ओळख पटली आहे त्या शाईने लिहाव्यात: गव म्हणजे समरकंदच्या परिसरातील सोग्द, मोउरु म्हणजे मर्व्ह, बाख्धी म्हणजे बल्ख, हरोयु म्हणजे हेरात, हरह्वइती म्हणजे कंदाहारकडील अर्घंदाबचे खोरे, हएतुमंत म्हणजे हेलमंद आणि हप्त हेंदु म्हणजे आपला सप्तसिंधू. उर्व, चख्र, वरेन, रंघा यांच्याविषयी मतभेद आहेत, म्हणून ती नावे पेन्सिलीने लिहावीत. शाईतील नावे पाहिली की ती जवळजवळ सगळी आजच्या अफगाणिस्तानात आणि त्याच्या भोवती पडतात, आणि पुढे साम्राज्ये उभारणाऱ्या पार्स व माद या पश्चिमेकडील प्रदेशांची नावे यादीत नाहीत, हे लक्षात येते. ही यादी पूर्व इराणी जगात घडली, या मतामागे हेच मोठे कारण आहे, आणि मलाही ते मत पटते.

आता इतर उल्लेख जमवावेत. अवेस्तेतीलच यस्ना या भागाच्या नवव्या अध्यायात धर्मसंस्थापक झरथुष्ट्राला ऐर्यन वएजोमध्ये प्रख्यात म्हटले आहे, तर आबान यश्त या स्तोत्रात तो तेथेच दाइत्येच्या तीरी यजन करतो. झरथुष्ट्राच्या स्वतःच्या मानल्या जाणाऱ्या गाथांत मात्र हे नाव येत नाही, याची वहीत ठळक नोंद असावी.

मराठी वाचक दुसऱ्या फर्गर्दापाशी आला की त्याला लोकमान्य टिळक आठवणारच. १९०३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द आर्क्टिक होम इन द वेदाज’ या ग्रंथात आर्यांची मूळभूमी उत्तर ध्रुवप्रदेशात होती, असे मांडताना त्यांनी याच फर्गर्दातील यिमाच्या कथेचा आधार घेतला. विवङ्हंताचा पुत्र यिम, म्हणजे आपल्याकडील वैवस्वत यम, भीषण हिवाळ्याच्या इशाऱ्यावरून ‘वर’ नावाची संरक्षित वसाहत बांधतो. तेथे सूर्य, चंद्र व तारे वर्षातून एकदाच उगवताना व मावळताना दिसतात आणि तेथील लोकांना वर्ष एका दिवसासारखे वाटते, अशा अर्थाची ती वचने आहेत. ध्रुवप्रदेशाच्या वर्णनाशी ती विलक्षण जुळतात आणि टिळकांनी ती फार बारकाईने वाचली आहेत. तरीही दोन गोष्टी पडताळाव्यात. हे वर्णन त्या वराचे आहे, ज्याच्या आत स्वतःचे वेगळे दिवे आहेत. आणि पहिल्या फर्गर्दात दहा महिन्यांचा हिवाळा आहे, दहा महिन्यांची रात्र नाही.

इतर मतांनाही हीच कसोटी लावावी. मार्क्वार्ट आणि बेनव्हेनिस्त या इराणविद्येच्या अभ्यासकांनी अरल समुद्राच्या दक्षिणेकडील ख्वारिज्म सुचवले. परंतु मेहेर यश्त या स्तोत्रात ख्वारिज्मचा उल्लेख त्याच्या स्वतःच्या नावाने आहे आणि तो सखल प्रदेश एवढ्या लांब हिवाळ्याला शोभत नाही. न्योली या अभ्यासकाने हिंदुकुशचा उंच भाग धरला, तेथे थंडीचा मेळ बसतो. बुंदहिश्न या पहलवी ग्रंथात एरानवेज आझरबैजानच्या दिशेला सांगितला आहे, तो पुढच्या काळात धर्माची केंद्रे पश्चिमेकडे सरकल्यामुळे असावा. नकाशावर ऐर्यन वएजोसाठी एकच ठिपका न देता या प्रत्येक जागी फिकट वर्तुळ काढावे आणि शेजारी तर्क कोणाचा व कोणत्या वचनावर आधारलेला, हे लिहावे.

मराठीतील जुनी चर्चा शोधायची असल्यास १८९३ साली स्थापन झालेल्या ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयापासून सुरुवात करावी. इराणविद्येच्या ग्रंथांसाठी लोकलने फोर्टात उतरून कामा ओरिएंटल इन्स्टिट्यूट गाठावे लागते. वेंदिदाद आजही मध्यरात्रीनंतरच्या विधीत सबंध म्हटला जातो. अग्यारीत पारशेतरांना प्रवेश नसतो, म्हणून या पठणाविषयी काही विचारायचे असेल तर ओळखीच्या पारशी कुटुंबामार्फत, त्यांच्या सोयीने आणि आपले फर्गर्द आधी वाचून विचारावे.