स्तनाच्या कर्करोगाविषयी वृत्तनिवेदिकेने कसे बोलावे

वृत्तनिवेदिका एमी रोबाक यांनी १ ऑक्टोबर २०१३ रोजी अमेरिकेतील एबीसी वाहिनीच्या ‘गुड मॉर्निंग अमेरिका’ या कार्यक्रमात मॅमोग्राम (स्तनाची क्ष-किरण तपासणी) करून घेतला आणि त्याच तपासणीतून त्यांना स्तनाचा कर्करोग असल्याचे उघड झाले. २००७ मध्ये याच आजाराला सामोऱ्या गेलेल्या सहनिवेदिका रॉबिन रॉबर्ट्स यांनी त्यांना या तपासणीसाठी प्रवृत्त केले होते.

स्वतःचे निदान जाहीर करायचे असल्यास आधी कुटुंबीयांना सांगावे, उपचारांची दिशा ठरू द्यावी आणि मगच कॅमेऱ्यासमोर यावे. प्रेक्षकांना माहिती देण्याची घाई कोणत्याही निवेदिकेवर लादली जाऊ नये, असे मला ठामपणे वाटते.

बोलताना तपासणी प्रत्यक्षात कशी होते, हे अवश्य सांगावे. स्तन दोन सपाट प्लेटांमध्ये काही क्षण दाबून क्ष-किरण चित्र घेतले जाते. त्यामुळे थोडे दुखू शकते. पुढील तपासणीसाठी पुन्हा बोलावणे आले म्हणजे कर्करोगच आहे असे नाही, हे वाक्य तर टाळूच नये, कारण पुष्कळ स्त्रिया याच भीतीने तपासणी पुढे ढकलतात.

वयाचा उल्लेख नेमका असावा. अमेरिकेतील प्रतिबंधक सेवा कृतिदलाने (आरोग्य तपासण्यांबाबत शिफारशी करणाऱ्या तज्ज्ञगटाने) २०२४ मध्ये सर्वसाधारण जोखीम असलेल्या स्त्रियांसाठी ४० ते ७४ या वयात दर दोन वर्षांनी मॅमोग्रामची शिफारस केली आहे. कुटुंबात हा आजार असलेल्यांनी किंवा गाठ जाणवलेल्यांनी मात्र या वेळापत्रकाची वाट न पाहता डॉक्टरांना भेटावे, हे त्याच निवेदनात सांगावे. स्वतःची शस्त्रक्रिया किंवा औषधे इतरांसाठी सल्ला म्हणून मांडू नयेत.