फौजीच्या पेटीतले हुद्द्याचे तारे पाहायला निघण्याआधी

पहिली तयारी आदल्या दिवशीच्या फोनची. सातारा तालुक्यातल्या मिलिटरी अपशिंग्यासारख्या गावात किंवा मिरजेच्या एखाद्या वाड्यात आजोबांची पत्र्याची पेटी दाखवायचं ठरलं, की घरची मंडळी हौसेनं आतलं पितळ चिंच लावून लख्ख करून ठेवतात. म्हणून आधीच सांगावं, ‘आजी, बिल्ले घासू नका, पुसूही नका, आहेत तसेच राहू द्या.’ चिंचेच्या आंबटानं पितळेतलं जस्त निघतं, वर तांबूस डाग राहतात. सोन्याचा मुलामा असेल तर तोही जातो. घासायच्या पावडरीनं ताऱ्याची टोकं बोथट होतात आणि मधली बारीक अक्षरं पुसट होतात. ओळख पटते ती नेमकी त्या अक्षरांवरून.

पिशवीत दहापट भिंग, व्हर्नियर (बारीक मापं घ्यायचं साधन), सोनाराकडे असतो तसा छोटा वजनकाटा, लोहचुंबक, मऊ ब्रश, वही-शिसपेन्सिल आणि पॉलिथिनच्या वीस-पंचवीस झिपलॉक पिशव्या. पीव्हीसीच्या मऊ पाकिटात पितळ ठेवू नये, काही महिन्यांत हिरवा चिकटा धरतो.

पेटी उघडली की आधी फोटो, मग हात. सुटा तारा हुद्दा सांगत नाही. किती तारे, कोणत्या क्रमानं, खाली फीत आहे की नाही, यावर सगळं ठरतं. खांद्याच्या पट्टीवरून तारे काढून एका डबीत टाकले की अर्धी माहिती संपली. पट्टी दोन्ही बाजूंनी टिपा, तारे काढलेले असतील तर कापडावरची भोकं आणि न विटलेले ठसे मोजा.

आपल्या भागात सगळ्यात जास्त फसगत दोन ताऱ्यांवर होते. घरचे म्हणतात ‘लेफ्टनंट होते’, आणि विकणाऱ्यालाही तेच हवं असतं. पण 1900 नंतर सुभेदारही (इंग्रज अधिकाऱ्यांच्या खालचा हिंदी हुद्दा) प्रत्येक खांद्यावर दोनच तारे लावत. सुभेदाराच्या ताऱ्यांखाली लाल-पिवळी-लाल फीत आली ती दुसऱ्या महायुद्धानंतर, म्हणजे त्याआधीच्या जोडीवर फीत नाही एवढ्यावरून ती अधिकाऱ्याची ठरत नाही. निर्णय कागदावर होतो. डिस्चार्ज बुक, पेन्शनचे कागद, ग्रुप फोटो मागा. कागदात ‘जमादार’ दिसला तर गोंधळू नका, त्याच हुद्द्याला 1965 पासून नायब सुभेदार म्हणतात. इंग्रज अधिकाऱ्याचा 1902 पूर्वीचा फोटो निघाला तर हिशेब आणखी बदलतो: तेव्हा कॅप्टनला दोन तारे, लेफ्टनंटला एक आणि सेकंड लेफ्टनंटला काहीच नसे.

काळ ठरवायला मुकुट (मेजरच्या खांद्यावर असतो तो) आणि तारा पुरतात. 26 जानेवारी 1950 रोजी मुकुटाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले आणि जुन्या चौकोनी ‘बाथ’ ताऱ्याऐवजी (‘ऑर्डर ऑफ द बाथ’ या ब्रिटिश सन्मानाच्या चिन्हावरून घेतलेला) पाच टोकांचा. बाथ ताऱ्याच्या मध्यभागी तीन मुकुट आणि भोवती ‘ट्रिया जंक्टा इन युनो’ ही लॅटिन अक्षरं असतात. भिंगातून ती वाचता आली पाहिजेत. मुकुटाच्या कमानी बघा. वर घुमटासारख्या गोल असतील तर राजाचा मुकुट, 1901 ते 1952. मधोमध खाली दबलेल्या असतील तर तो व्हिक्टोरियाचा किंवा 1953 नंतरचा एलिझाबेथचा. ‘दुसऱ्या महायुद्धातला हिंदी मेजर’ म्हणून असा दबका मुकुट दाखवला तर नमस्कार करून पुढे निघावं.

मग पाठ. ठशावर ठोकलेल्या पत्र्याच्या बिल्ल्याला मागून पुढच्या नक्षीचा खोलगट उलटा ठसा दिसतो. ओतीव नकलेची पाठ बहुधा सपाट, वाळूसारखी खरखरीत, बारीक छिद्रांची असते. अस्सलावरून साचा घेतला असेल तर धातू थंड होताना आक्रसतो, म्हणून नक्कल किंचित लहान भरते, व्हर्नियर त्यासाठीच. मात्र ओतीव म्हणजे खोटा, असा शिक्का घाईनं मारू नका: त्या काळीही छावणीच्या बाजारात ओतलेले तारे विकले जात. लोहचुंबक चिकटला तर आत लोखंड आहे, फक्त पिनेला चिकटला तर काळजी नाही. मागे स्क्रू-नट आहे, कान (छोटी कडी) आणि त्यातून घालायची कॉटर पिन आहे की ब्रोचसारखी पिन, तेही लिहा. नट गंजून बसला असेल तर पक्कड लावू नका, बूडच तुटून हातात येतं.

व्यवहार ठरला तर तारीख, वस्तूंचं वर्णन आणि देणाऱ्याची सही असलेली पावती घ्या. शंभर वर्षांपुढची वस्तू 1972 च्या पुरावशेष कायद्यात येते, परदेशी ग्राहकाला टपालानं पाठवता येत नाही. खांद्यावर लावून मिरवणं तर नकोच. सैनिक असल्याचं भासवायला असं चिन्ह वापरणं गुन्हा आहे.

घरी ठेवताना प्रत्येक पट्टी वेगळी, सोबत सिलिका जेलची पुडी, पिशवीवर पेन्सिलीनं लिहिलेली चिठ्ठी. जरीकामाच्या पट्ट्यांना कसर लागते. डांबराच्या गोळ्या कापडात बांधून बाजूला ठेवा, जरीला टेकू देऊ नका. आणि घर सांगलीत कृष्णेच्या बाजूला असेल तर पेटी माळ्यावरच; 2005, 2019, 2021 तिन्ही वेळा पाणी तळमजल्यांत शिरलं होतं.