गाड्यांच्या टीव्ही कार्यक्रमात काम करायचंय?

आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक मुलांना निवेदक व्हायचं असतं. मी त्यांना आधी टेस्टिंगला लावतो. कॅमेऱ्यासमोर बोलणं सहा महिन्यांत जमतं, गाडी ओळखायला मात्र वेळ लागतो.

मायलेजचंच घ्या. कंपनी सांगते तो आकडा प्रयोगशाळेत, रोलरवर गाडी पळवून काढलेला असतो. आपण 'टँक टू टँक' करतो. टायरमधली हवा तपासायची, नोझल आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरायची, ट्रिपमीटर शून्यावर आणायचा. मग ठरलेला रस्ता, एसी चालू ठेवून. शहरातला टप्पा हिंजवडीत ऑफिस सुटायच्या वेळी. परत त्याच पंपावर, त्याच नोझलने टाकी भरायची आणि किलोमीटरला लिटरने भागायचं. कंटाळवाणं काम आहे, पण प्रेक्षक लाखो रुपये मोजताना हाच आकडा धरून चालतो.

दुसरी सवय मागच्या सीटची. चालकाची सीट स्वतःच्या उंचीला लावायची आणि तशीच ठेवून मागे जाऊन बसायचं. गुडघे कुठे टेकतात, मांडीला आधार मिळतो का, हे तेव्हाच कळतं. आपल्याकडे गाडी घरच्यांसाठी घेतली जाते, त्यामुळे मला हे गाडी शून्यापासून ताशी शंभर किलोमीटरचा वेग किती सेकंदांत गाठते याइतकंच महत्त्वाचं वाटतं.

हे सगळं त्याच दिवशी लिहून ठेवा. वर्षअखेरीला वर्षातल्या सर्वोत्तम गाडीच्या पुरस्कारांची चर्चा सुरू होते तेव्हा जानेवारीत चालवलेल्या गाडीचं स्टिअरिंग कुणाला आठवत नाही. मग ताज्या गाडीचं पारडं उगाच जड होतं.

जुने निकालही अभ्यासा. 'इंडियन कार ऑफ द इयर' 2006 मध्ये स्विफ्टला मिळाला, 2010 मध्ये नॅनोला, 2025 मध्ये थार रॉक्सला. एवढ्या वेगळ्या गाड्या एकाच मानाला पोचतात, कारण ज्या ग्राहकासाठी गाडी बनली त्याला दिलेल्या पैशांत काय मिळतं हे तोलावं लागतं. युरोपातल्या 'कार ऑफ द इयर'मध्ये प्रत्येक परीक्षकाकडे 25 गुण असतात. ते किमान पाच गाड्यांत वाटायचे आणि एकीला दहापेक्षा जास्त द्यायचे नाहीत. ही पद्धत मला फार आवडते. एकाच गाडीवर सगळं उधळता येत नाही.

एक गोष्ट स्पष्टच सांगतो. नव्या गाडीच्या पहिल्या ड्राइव्हला, म्हणजे कंपनी पत्रकारांना गाडी चालवून बघायला बोलावते तेव्हा, तिकीट, हॉटेल, जेवण बहुतेकदा कंपनीचंच असतं. तिथे छान पाहुणचार झाला तरी ब्रेक कमी पडले तर तसं म्हणायचं, आणि मोजलेल्या आकड्यासह म्हणायचं. आकडा हाताशी असला की कंपनीचा फोन आला तरी संपादकाला तुमच्या पाठीशी उभं राहता येतं.