देव पुत्राच्या द्वारे बोलला म्हणजे काय? हे समजून घेताना या चुका टाळा

बायबलच्या नव्या करारातल्या, इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राची पहिली दोन वचनं आपल्यातल्या बऱ्याच जणांना तोंडपाठ असतात, संडे स्कूलमध्ये पाठ करून घेतलेली असतात, नाताळच्या उपासनेत कोणीतरी उभं राहून वाचतंच. देव पूर्वी संदेष्ट्यांच्या तोंडून थोडं थोडं आणि वेगवेगळ्या तऱ्हेनं बोलला आणि या शेवटच्या काळात तो पुत्राच्या, म्हणजे येशूच्या, द्वारे आपल्याशी बोललाय. पाठ आहे सगळं, पण बायबल स्टडीला बसल्यावर कोणी विचारलं की म्हणजे नक्की काय झालं, तर मग गाडी अडते आणि जो तो आपापल्या मनाचं सांगायला लागतो. सांगली-मिरजेकडच्या घरगुती प्रार्थनांमध्ये, तरुण संघात, साताऱ्याकडच्या मंडळ्यांमध्ये काही चुका सारख्या कानावर येतात, त्या इथं लिहितोय. काही चुका साध्या आहेत आणि काही अशा आहेत की त्यांनी माणसं आतून मोडतात, म्हणून त्या दुसऱ्या प्रकारच्यांवर जरा जास्त लिहिणार आहे.

येशूला संदेष्ट्यांच्या लाइनीत शेवटचा नंबर देणं

ही सगळ्यात कॉमन. मोशे झाला, शमुवेल झाला, यशया यिर्मया झाले, मलाखी झाला, मग साधारण ४०० वर्षं शांतता, मग बाप्तिस्मा करणारा योहान आणि त्याच्यामागं येशू, म्हणजे सगळ्यात मोठा संदेष्टा. ऐकायला बरोबर वाटतंय पण पत्राचा लेखक नेमकं हेच म्हणत नाहीये. संदेष्टा निरोप आणायचा, "परमेश्वर असे म्हणतो" म्हणून सुरुवात करायचा आणि निरोप सांगून झाला की बाजूला व्हायचा. येशू डोंगरावर बसून म्हणतो, "मी तुम्हाला सांगतो." कोणाचा निरोप नाही, कोणाचा हवाला नाही. ऐकणारे लोक थक्क झाले ते यामुळंच, मत्तयनं ७ व्या अध्यायाच्या शेवटी तसं लिहूनच ठेवलंय.

येशूनं स्वतः हा फरक एका दाखल्यात सांगितलाय, मार्क १२ मध्ये, आणि आपल्याकडं तासगाव, कवठेमहांकाळच्या लोकांना तो वेगळा समजावून सांगावा लागत नाही कारण दाखला द्राक्षबागेचाच आहे. मालकानं बाग लावली, कुंपण घातलं, रसासाठी कुंड खणलं, माळा बांधला, बाग कुळांना लावून दिली आणि तो परगावी गेला. हंगामात वाटा आणायला नोकर पाठवला, त्याला मारून रिकामा परत लावला. दुसरा पाठवला, त्याचं डोकं फोडलं. तिसऱ्याचा जीवच घेतला. असे बरेच झाले. शेवटी त्याच्याजवळ एकच राहिला होता, त्याचा लाडका मुलगा. आता मुलगा हा काही अजून एक नोकर नव्हे ना, कुळांना पण ते कळलं होतं, म्हणून तर ते म्हणाले हा वारस आहे. इब्रीकरांस पत्रात पुत्राबद्दल पहिली गोष्ट काय सांगितलीय बघा, देवानं त्याला सर्वांचा वारस नेमलं. दोन्हीकडं तीच गोष्ट आहे.

रूपांतराच्या डोंगरावर, म्हणजे जिथं येशूचं रूप पालटलं तिथं, त्याचा शिष्य पेत्राची पण हीच गफलत झाली. मोशे, एलिया आणि येशू तिघं दिसले तर हा म्हणाला तीन मंडप बांधू, एक तुझा, एक मोशेचा, एक एलियाचा. तिघांना सारखंच. तेवढ्यात ढग आला आणि आवाज आला की हा माझा प्रिय पुत्र आहे, याचं ऐका. मान वर करून बघतात तर फक्त येशू उभा.

"देवाला मुलगा कसा काय?" या प्रश्नाला कसंतरी उत्तर देणं

कॉलेजात, ऑफिसात हा प्रश्न हमखास येतोय, कधी चेष्टेत, कधी मनापासून. मुलगा म्हटला की बायको आली, लग्न आलं, असं समोरच्याला वाटतं आणि त्यात त्याची चूक काही नाही. आपली पोरं मात्र गडबडून म्हणतात की अरे तसं नाही, म्हणजे देवाचा लाडका भक्त असं समज. हे उत्तर देऊ नका. विषय टाळायला ते सोपं आहे पण त्यानं सगळंच हातचं जातं.

चौथ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या आरियस नावाच्या मंडळीच्या एका वडिलांनी (म्हणजे पाळकांनी) असंच काहीतरी शिकवलं होतं, की पुत्र फार थोर आहे, सगळ्यांच्या आधीचा आहे, पण शेवटी निर्माण केलेलाच आहे आणि तो नव्हता अशी एक वेळ होती. त्यावरून इतका वाद पेटला की ३२५ साली निकिया इथं बिशप लोकांची सभा भरली आणि तिथं ठरलेले शब्द मतांगीकारात, म्हणजे उपासनेत म्हटल्या जाणाऱ्या विश्वासाच्या कबुलीत, आजपर्यंत चालत आलेत, की तो जन्मलेला आहे, निर्माण केलेला नाही, पित्याशी एकतत्त्व आहे. हा जन्म शरीराचा नाही आणि काळातला पण नाही, पिता कधी पुत्राशिवाय नव्हताच. बेथलेहेमला जे झालं ते त्याच सनातन पुत्रानं माणसाचं शरीर घेणं. समोरच्याला एवढं शांतपणे सांगता आलं तरी पुष्कळ झालं.

आणि याला पंडितांची भांडणं म्हणून सोडून देऊ नका. पुत्र जर निर्माण केलेला असेल तर देव अजून स्वतः बोललाच नाही असं होतं, त्यानं फक्त एक फार मोठा माणूस पाठवला एवढंच झालं. ख्रिस्ती माणसाचा सगळा विश्वास यावर उभा आहे की जो बोलला तो आणि जो आला तो वेगळे नाहीत.

बाप कडक आणि येशू मवाळ असं धरून चालणं

हे कोणी मंचावरून शिकवत नाही पण प्रार्थना ऐकल्या की कळतंय. वर रागावलेला देव बसलाय, हातात शिक्षा घेऊन, आणि येशू मध्ये पडून त्याची समजूत घालतोय, की जाऊ दे, सोड याला. घरात वडील तापट असले आणि आई मध्ये पडत असली की पोरांच्या मनात देवाचं पण तेच चित्र बसतं, आणि मग ती आयुष्यभर येशूशी बोलतात पण पित्याला घाबरून असतात. मला ही चूक फार लागते, कारण चाळीस-पन्नास वर्षं मंडळीत काढलेली माणसं या भीतीत मरणाच्या दारापर्यंत जातात.

योहान १४ मध्ये फिलिप्प म्हणतो, प्रभू, आम्हाला पिता दाखवा म्हणजे पुरे. येशूचं उत्तर, एवढे दिवस मी तुमच्याजवळ आहे आणि तू मला ओळखलं नाहीस का? ज्यानं मला पाहिलंय त्यानं पित्याला पाहिलंय. इब्रीकरांस पत्र पण तेच म्हणतं, पुत्र देवाच्या गौरवाचं तेज आहे, त्याच्या तत्त्वाचा तंतोतंत ठसा आहे. मग नाईन गावाच्या वेशीवर जे झालं ते वाचताना पित्याकडं बघताय असं समजून वाचा, लूक ७ मध्ये आहे. विधवा बाई, एकुलता एक मुलगा गेलेला, लोक तिरडी घेऊन निघालेत. कोणी येशूला बोलावलेलं नाही, कोणी विनवणी केलेली नाही, त्या बाईनं तर मान वर करून बघितलं पण नसेल. त्याला तिचा कळवळा आला, तो म्हणाला रडू नकोस, आणि पुढं होऊन त्यानं तिरडीला हात लावला, खांदेकरी जागच्या जागी थांबले. मृताला शिवलं की माणूस अशुद्ध होतो असं मानणाऱ्या समाजात त्यानं हात लावला. देव कसा आहे याचं उत्तर देवानं असं दिलंय. कुष्ठरोग्याला बरं करायच्या आधी पण त्यानं हात लावला, मार्क १ वाचा. मिरजेत मिशनच्या दवाखान्यांची एवढी परंपरा आहे, डॉ. वानलेस यांच्यापासून, तिथल्या माणसांना हे वचन कधी नुसतं वाचायचं वचन वाटलं नसणार.

क्रूसावर पण बाप एकीकडं आणि पुत्र दुसरीकडं असं नाहीये. देवानं जगावर एवढी प्रीती केली की त्यानं आपला पुत्र दिला, म्हणजे सुरुवातच पित्याच्या प्रीतीपासून आहे. येशूनं पित्याचं मन वळवलेलं नाही, पित्याचं मन काय आहे ते त्यानं दाखवलं.

पूर आला, आजार आला, की त्यात देवाचा आवाज शोधणं

२०१९ च्या ऑगस्टमधला कृष्णेचा पूर सांगलीत कोणी विसरलेलं नाही. गावभाग, सांगलवाडी, हरिपूर, जिकडं तिकडं पाणी, आयर्विन पुलाजवळच्या पाण्याच्या पातळीचे फुटांतले आकडे दर तासाला मोबाइलवर. पाणी उतरल्यावर घरात गुडघाभर चिखल, भिजलेल्या गाद्या रस्त्यावर, आणि त्या चिखलात एका मावशींना त्यांच्याच नात्यातल्या कोणीतरी येऊन सांगितलेलं की देव तुमच्याशी बोलतोय, तुमच्या घरात काहीतरी पाप आहे. मावशी विचारत होत्या, "दादा, आमचंच घर का ओ? शेजाऱ्यांच्यापेक्षा आमी काय जास्त वाईट होतो का?" हातात फडा तसाच धरलेला.

हा प्रश्न येशूसमोर आलेला आहे, लूक १३ मध्ये. शिलोह इथला बुरूज पडून १८ माणसं मेली होती. येशू विचारतो, यरुशलेमातल्या बाकीच्यांपेक्षा ते जास्त अपराधी होते असं तुम्हाला वाटतं का? आणि स्वतःच सांगतो, नाही. पुढं तो पश्चात्तापाचं बोलतो पण ते उभ्या असलेल्या सगळ्यांना, मेलेल्यांवर बोट ठेवून नाही. योहान ९ मध्ये जन्मांध माणसाबद्दल शिष्य विचारतात पाप कोणाचं, याचं का आईबापांचं, तर उत्तर येतं दोघांचं पण नाही. मग येशूनंच जे उत्तर नाकारलं ते आपण त्याच्या नावानं कोणाच्या दारात जाऊन कसं द्यायचं? घर बुडालेल्या माणसाला देवाचं बोलणं ऐकवायचं असेल तर इब्री ४:१५ ऐकवा, की आपला महायाजक, म्हणजे येशू, आपल्या दुबळेपणाचा कळवळा न येणारा नाही. नाहीतर गप्प बसून फडा हातात घ्या, चिखल काढायला लागा.

रोज नवीन वचन पाहिजे हा हट्ट

प्रॉमिस बॉक्समधून, म्हणजे वचनांच्या चिठ्ठ्यांच्या डबीतून, चिठ्ठी काढणं, सकाळी स्टेटसला आलेलं वचन आजच्यासाठी देव बोलला म्हणून धरणं, आणि मग अमक्या भाऊंना दर्शन झालंय म्हणून त्यांना मुलीच्या स्थळाबद्दल विचारायला जाणं. एसटी स्टँडच्या चौकशी खिडकीसारखं देवाला धरलं की असं होतं, फक्त आपल्या प्रश्नाचं उत्तर पाहिजे, तेवढं मिळालं की निघालो. देव आजही पवित्र आत्म्याच्या द्वारे चालवतो यात मला शंका नाही. पण आत्मा काय करणार हे येशूनं आधीच सांगून ठेवलंय, तो माझं गौरव करील, मी सांगितलेल्याची तुम्हाला आठवण करून देईल. म्हणून कोणी म्हणालं की देवानं मला सांगितलंय, तर बघायचं की हे येशूच्या बोलण्या-वागण्याशी जुळतंय का. तुमचे पैसे मागणारं, तुम्हाला घरच्यांपासून तोडणारं, भीती घालणारं दर्शन असेल तर ते कितीही मोठ्या आवाजात सांगितलेलं असो, सोडून द्या, आणि आपल्या पाळकांशी बोला.

जुना करार, म्हणजे बायबलचा येशूच्या आधीचा भाग, आता लागत नाही ही पण एक समजूत आहे, ती लवकर आटोपतो. दुसऱ्या शतकात मार्सियन नावाच्या शिक्षकानं जुना करार टाकूनच दिला होता आणि रोमच्या मंडळीनं त्याला बाहेर काढलं. पुत्राबद्दल सांगताना इब्रीकरांस पत्राचा पहिला अध्यायच बघा, जुन्या करारातली सात अवतरणं आहेत, त्यातली बहुतेक स्तोत्रांमधली. पुन्हा उठल्यावर अम्माऊस गावाच्या वाटेवर दोन शिष्यांना समजावताना येशूनं स्वतः मोशे आणि संदेष्ट्यांपासून सुरुवात केली. देव थोडं थोडं बोलला ते पण देवच बोलला.

शेजाऱ्याचं काही पण खोटं पाडायची घाई

पुत्राच्या द्वारे देव पूर्णपणे बोलला असं मानणं म्हणजे बाकी कोणाला देवाची ओढच नव्हती असं मानणं नव्हे. पौल लुस्त्र गावात म्हणतो की देवानं स्वतःला साक्षीशिवाय ठेवलं नाही, आकाशातून पाऊस दिला, फळं देणारे ऋतू दिले. रेव्ह. ना. वा. टिळकांच्या हातात रेल्वेच्या डब्यात एका गोऱ्या प्रवाशानं नवा करार दिला आणि डोंगरावरच्या प्रवचनानं ते अडकले, १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, पण तुकोबांवरचं त्यांचं प्रेम काही सुटलं नाही. शेवटच्या दिवसांत, १९१७ साली, त्यांनी साताऱ्यात देवाचा दरबार सुरू केला तो पण असा की बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले ख्रिस्ताचे भक्त एकत्र बसावेत. त्यांची गीतं आपण आज पण गातो. वारीला जाणाऱ्या शेजाऱ्याला येशूबद्दल सांगायचं असेल तर त्याच्या माळेची टिंगल करून सुरुवात करू नका, येशू कोण आहे ते सांगा, नाईनच्या वेशीवरचं सांगा.

इतकं असून पण "मला देवाचं काहीच ऐकू येत नाही" असं वाटत असेल तर

सुटी वचनं बंद करा थोडे दिवस. मार्कचं शुभवर्तमान १६ अध्यायांचं आहे, एका बैठकीत वाचून होतं, दुपारी घर शांत असेल तेव्हा मोठ्यानं वाचा. आज माझ्यासाठी यात काय आहे हे शोधू नका, फक्त येशू कोणाकडं थांबतो, कोणावर रागावतो, कोणाला हात लावतो, कुठं गप्प बसतो ते बघत जा. रोमी सुभेदार पिलातासमोर तो जवळजवळ काहीच बोलत नाही, ते पण देवाचं बोलणंच आहे. मग इब्रीकरांस पत्र घ्या, १३ अध्याय. ते थकलेल्या लोकांना लिहिलेलं आहे, ज्यांची मालमत्ता लुटली गेली होती आणि ज्यांच्यातल्या काहींनी एकत्र जमणं सोडून दिलं होतं. तुम्ही पण बरेच महिने उपासनेला गेला नसाल, कोणाच्या बोलण्यानं दुखावून घरी बसला असाल, तर पाचव्या अध्यायाचं ७ वं वचन दोनदा वाचा. पुत्रानं मोठ्या आक्रोशानं आणि अश्रू गाळून प्रार्थना केली असं तिथं लिहिलंय. आणि येत्या रविवारी मागच्या बाकावर का होईना, जाऊन बसा.