पावसाच्या पाण्यासाठी वापरलेली पिंपं गोळा करताय? या चुका टाळा

उन्हाळा लागला की मुंबईतल्या अनेक मंडळांत आणि संस्थांत एक चांगली कल्पना पुढे येते. टेकडीवरच्या वस्तीत, पालिकेच्या शाळेत किंवा चाळीच्या मागच्या अंगणात पागोळ्यांखाली ठेवायला निळी पिंपं वाटायची. नवी परवडत नाहीत, म्हणून वापरलेली, पण ‘फूड ग्रेड’, म्हणजे खाण्याचा माल भरण्याजोगी, शोधायची. कल्पना उत्तमच आहे. या शहरात वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. दहा चौरस मीटरच्या पत्र्यावर 20 मिलिमीटर पडला, तरी 200 लिटरचं पिंप भरतं. गाडं अडतं ते पिंपं आणताना.

‘प्यायचं थोडंच आहे? कुठलंही चालेल’

सगळ्यात मोठी चूक हीच, कारण बाकीच्या चुका हिच्यातून निघतात. पावसाचं पाणी धुण्याभांड्याला, संडासाला आणि झाडांनाच वापरा असं आपण वाटपाच्या दिवशी सांगतो आणि लोक ऐकतातही. पण पाऊस चार महिन्यांचा. पुढचे आठ महिने ते पिंप रिकामं राहील का? जिथे नळाला तास-दोन तास पाणी येतं, तिथे दिवाळीपर्यंत त्याच पिंपात नळाचं पाणी भरलं जाणार आणि त्यातूनच स्वयंपाकाचा हंडा भरणार. म्हणून निवड करताना एकच कसोटी लावा: या पिंपातलं पाणी लहान मुलाच्या पोटात गेलं तर चालेल का? ‘बहुतेक चालेल’ असं उत्तर आलं, तर ते पिंप घेऊ नका.

रंग आणि चकाकी पाहून घेणं

निळं पिंप म्हणजे खाण्याच्या मालाचं, ही समजूत खोटी आहे. त्याच निळ्या पिंपातून डिटर्जंटसाठी लागणारी ॲसिड स्लरी, रंगाची रसायनं आणि कीटकनाशकंही येतात. तळाशी त्रिकोणात 2 असेल, तर प्लॅस्टिक एचडीपीई (टणक पॉलिथिन) आहे एवढंच कळतं. आत काय भरलं होतं ते त्यावरून कळत नाही. ‘यूएन 1एच1’ किंवा ‘1एच2’ हा ठसा धोकादायक माल वाहण्याच्या चाचणीत पिंप उतरल्याची खूण आहे. तेवढ्यावरून पिंप वाईट ठरत नाही, पण तो दिसला की चौकशी दुप्पट करा. लेबलावर लाल चौकटीतली धोक्याची चिन्हं किंवा कवटी असेल, तर बोलणं तिथेच थांबवा.

एचडीपीई काचेसारखं नसतं. थिनरसारखे सॉल्व्हंट आणि कीटकनाशकं त्याच्या भिंतीत मुरतात आणि नंतर हळूहळू पाण्यात उतरतात. कितीही घासलं तरी ती पूर्ण निघत नाहीत. म्हणूनच धारावीतल्या भंगाराच्या तेरा कंपाउंडात किंवा साकीनाक्याच्या गोदामात धुऊन, लेबल खरवडून, रांगेत चमकत उभी केलेली पिंपं आपल्या कामाची नाहीत. ती धुणाऱ्या कामगारांच्या मेहनतीबद्दल मला आदर आहे आणि इतर कामांना तो माल चांगलाच आहे. पण त्या पिंपाचा इतिहास विक्रेत्यालाही ठाऊक नसतो. तळाशी चिकट पाक आणि अंगावर मूळ लेबल असलेलं मळकं पिंप त्याहून शंभरपट बरं.

मग शोधायचं कुठे?

माल जिथे रिकामा होतो तिथे. मिठाई, गोळ्या-चॉकलेट आणि आइस्क्रीम करणाऱ्यांकडे लिक्विड ग्लुकोजची (घट्ट गोड पाकाची) पिंपं निघतात. लोणची-सॉस करणाऱ्यांकडे व्हिनेगर आणि खारवलेल्या कैरीची मिळतात. आंब्याचा पल्प बऱ्याचदा पिंपाच्या आत निर्जंतुक पिशवीत येतो, त्यामुळे ते आतून जवळपास कोरं असतं. फक्त ते लोखंडी नाही ना, ते बघा. साबण-डिटर्जंटच्या कारखान्यांकडे मात्र वळू नका, फुकट मिळाली तरी.

मालकाकडून लेटरहेडवर दोन ओळी घ्या: पिंपात काय होतं आणि ते मूळ वापरानंतर थेट आपल्याला दिलं. प्रत्येक लेबलाचा फोटो ठेवा. घातक रसायनांची रिकामी पिंपं 2016 च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडतात आणि ती अधिकृत पुनर्वापरकर्त्याकडेच जायला हवीत. ती दान म्हणून तुमच्या दारात उतरवून घेऊ नका.

पैशांची बाजूही आधीच स्पष्ट सांगा. वस्तुरूप दानावर देणगीची आयकर सवलत (80जी नावाने ओळखली जाणारी) मिळत नाही. ‘पावती देऊ’ असं उत्साहात कबूल केलं, तर वर्षअखेरीला तोच देणगीदार दुखावतो. पोचपत्र आणि आभाराचं पत्र जरूर द्या.

धुताना

पाकाला गरम पाणी पुरतं, तेलकटपणाला धुण्याचा सोडा. व्हिनेगरचं पिंप ब्लीचिंग पावडरने धुऊ नका. आम्ल आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. आधी भरपूर पाण्याने खळखळून घ्या. कोणाही कार्यकर्त्याने आत डोकं घालायचं नाही. शेवटी थोडं गरम पाणी घालून, बूच लावून, दिवसभर उन्हात ठेवा आणि संध्याकाळी उघडून वास घ्या. लोणच्याचा वास राहिला तर हरकत नाही. रॉकेल, थिनर किंवा कीटकनाशकासारखा वास आला तर ते पिंप बाद.

बसवल्यावर येणाऱ्या अडचणी

नळ गळतो? बंद तोंडाच्या पिंपाला बहुधा दोन बुचं असतात, एकाचे आटे बारीक आणि दुसऱ्याचे जाड. प्लंबिंगचं सामान जाड आट्यांत बसत नाही. एम-सील एचडीपीईला धरून राहत नाही, त्यामुळे दोन्ही बाजूंना रबरी वॉशर लावून टँक निपलच (टाकीला नळ जोडायचा तुकडा) बसवा.

पाणी हिरवं होतं? पांढऱ्या पिंपातून उजेड आत जातो आणि शेवाळ धरतं. रंग द्या किंवा गोणपाट गुंडाळा.

भरलेलं पिंप 200 किलोंहून जड असतं. चाळीच्या लाकडी गॅलरीत ते ठेवायला कोणी कितीही आग्रह केला, तरी नाही म्हणा. जमिनीवरही विटांचा सपाट ओटा हवा, नाहीतर खेळणाऱ्या पोराच्या अंगावर कलंडेल.

डासांचा मुद्दा पत्रकातल्या एका ओळीवर सोडू नका. डेंग्यूचा डास स्वच्छ साठवलेल्या पाण्यातच वाढतो, आठ-दहा दिवसांत. त्याची अंडी पिंपाच्या भिंतीला चिकटून कोरडी असली तरी महिनोन्महिने टिकतात. पाइप आत जातो तिथे आणि जास्तीचं पाणी बाहेर पडतं तिथेही बारीक जाळी बांधा. आठवड्यातून एकदा पिंप पूर्ण रिकामं करून आतून घासायला हवं, आणि ते कोण करणार हे वाटपाच्या आधी नावानिशी ठरवा. ज्या घरात हे जमणार नाही, तिथे पिंप देऊ नका.

राहता राहिली बाद झालेली पिंपं. ती अख्खी भंगारात गेली, तर उन्हाळ्यात कुणाच्या तरी दारात पाण्यासाठी उभी राहतील. कीटकनाशकाचा किंवा थिनरचा वास असलेली जिथून आली त्या कारखान्यालाच परत करा. जुनाट, तडकलेल्या पिंपांच्या तळाला चार मोठी भोकं पाडा आणि मगच ती भंगारवाल्याच्या काट्यावर जाऊ द्या.