भाकरी बदनाम, भडंग मोकाट

माझा एचबीएवनसी (रक्तातल्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी) ६.१ आला, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर, तेव्हा सांगलीच्या विश्रामबागेतल्या मैत्रिणींनी एकमुखानं सांगितलं, चपाती सोड, भाकरी खा. खाल्ली. दोन महिने, जेवणाला दोन-दोन. वजनाचा काटा ढिम्म हलला नाही. हलणार कसा? १०० ग्रॅम ज्वारीच्या पिठात सुमारे ७० ग्रॅम कर्बोदकं (पोटात गेल्यावर त्यांची साखरच होते), आणि गव्हाच्या पिठातही जवळपास तेवढीच.

तर आधी काही सोडू नका. चार दिवस तोंडात जाईल ते वहीत लिहा. माझ्या वहीत पाच कप चहा निघाला, प्रत्येकी दोन चमचे साखर. म्हणजे रोजची ४०-५० ग्रॅम साखर नुसत्या चहातून! (गूळ घातला म्हणून सुटका नाही, तीही साखरच.) शिवाय संध्याकाळी वाडगाभर भडंग. सांगलीत राहून भडंग सोडायचं म्हणजे पाप, पण चुरमुरे शेवटी तांदळाचेच. म्हणून पहिला घाव या दोघांवर. आता चहा दोनदा, बिनसाखरेचा. भडंगाऐवजी मूठभर भाजके शेंगदाणे. डबा मात्र माळ्यावर ठेवायचा, हाताशी असला की मूठ मोजली जात नाही.

मग भाकरी. मी एकीला ६० ग्रॅम पीठ घ्यायचे, आता काट्यावर ३० मोजते. थापायला सोपी जाते, लहान असते ना. पण ताटातली रिकामी जागा भरली नाही तर रात्री दहाला फडताळ उघडलं जातंच. तिथं कृष्णाकाठची वांगी कामी येतात. दाण्याचं कूट, तीळ, सुकं खोबरं भरायचं, गूळ वगळायचा, तेलात हात आखडायचा नाही. जोडीला दोन उकडलेली अंडी किंवा पनीर, कारळ्याची चटणी, काकडी, दही. पिठल्याला भाजी समजू नका, बेसनातही निम्म्याहून जास्त कर्बोदकंच असतात. मटकीची उसळ घेतली तर त्या वेळी भाकरी नको. मटणाचा रस्सा खुशाल ओरपा, भाताचं पातेलं तेवढं लांब ठेवा.

पहिल्या आठवड्यात माझं दीड किलो उतरलं. हुरळले होते, पण ते बरंचसं पाणी. शरीर जादा साखर ग्लायकोजेन म्हणून साठवतं; त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे ३ ग्रॅम पाणी असतं, साठा उतरला की तेही जातं. त्याबरोबर मीठही जातं, म्हणून डोकं दुखतं. मीठ घातलेलं ताक प्या. रक्तदाब असेल तर मिठाचं आधी विचारून घ्या. त्यानंतरची घट सावकाश होते; काट्यापेक्षा शिंप्याच्या टेपनं कंबर मोजलेली बरी. बायकांसाठी ८० आणि पुरुषांसाठी ९० सेंटीमीटरच्या आत.

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना न सांगता भाकरी अर्धीसुद्धा करू नका, साखर एकदम खाली येते. डापाग्लिफ्लोझिनसारखी मधुमेहाची गोळी घेऊन कर्बोदकं फार कमी केली तर रक्तात आम्ल वाढण्याचा धोका असतो. गरोदर बायकांनी आणि मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी माझं ऐकूच नये.

राहिली संकष्टी. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ स्टार्च, वरीही धान्यच. मी खमंग काकडी, दाण्याची आमटी आणि दही खाते. सासूबाई म्हणतात, "हा कसला गं उपास, पोट भरतंय की!" चंद्रोदयानंतरचा एक मोदक मात्र मी सोडलेला नाही.